आहुप्याचं पाचवं पिस्तूल

त्या सकाळी माझ्या टेबलावर मांडलेली पाच पिस्तुलं अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. नोकरीत गावठी कट्टे पुष्कळ पकडले, त्यातला एकही आज ओळखता येणार नाही. ही पाच मात्र डोळे मिटून, नुसता हात फिरवून सांगेन.

तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "ओझरजवळ एक रिटायर फिटर राहतो. त्याच्या घरात पाच पिस्तुलं आहेत, पत्र्याच्या पेटीत. खोटं वाटत असेल तर बघून या." एवढं बोलून फोन बंद. स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले आणि निघालो.

फिटर साठी ओलांडलेला, शांत माणूस. पेटी त्यानेच उघडून दिली. आत तेलकट फडक्यांत गुंडाळलेली पाच पिस्तुलं आणि एक जाडजूड वही. वहीत प्रत्येक पिस्तुलाचं चित्र, स्क्रूसुद्धा मोजून काढलेला. पंचनामा चालू असताना त्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

"साहेब, पिस्तुलांचे कान यांनी भरले. तुमचे कुणी भरले?"

पंच हसले. मला तेव्हा तिच्या बोलण्यातला पहिला भाग कळलाच नाही. ठाण्यात आल्यावर फिटरने समजावून सांगितला. जुन्या पिस्तुलाच्या नळीला मागे बारीक भोक असतं, त्यातून ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाते. ते भोक म्हणजे कान. कान शिशाने बुजवला की बार उडत नाही.

"हे घोडेस्वाराचं," त्याने पहिलं उचललं. "नळीखालचा गज बघा, बिजागरीला जोडलाय. गज सुटा असला आणि पळत्या घोड्यावरून पडला, तर पुढचा बार भरायचा कसा? हे दुसरं जहाजावरचं. बाजूला आकडा हाय ना, तो कंबरेच्या पट्ट्यात अडकवायचा. तिसरंबी घोडेस्वाराचंच, पण नंतरचं."

"आणि चौथं?"

"ते नकली. मला फसवलं एकानं." तो ओशाळा हसला. "जुन्या स्क्रूचे आटे हातानं कापलेले, कमीजास्त असायचे. याचे बघा, सगळे सारखे. मशीनवरचे. शिकायला बरं म्हणून ठेवलंय."

पोलिसांच्या समोर बसून इतक्या आनंदाने बोलणारा आरोपी मी पाहिला नव्हता. पण पाचवं पिस्तूल पुढे केलं आणि त्याचं तोंड बंद झालं. चारांचे कान बुजवलेले होते, याचा मोकळा होता. कायद्याच्या दृष्टीने सगळी अडचण तिथेच होती. जुनाट आणि दुरुस्त करूनही न चालणारं हत्यार असेल तर कायदा सूट देतो. चालणारं असेल तर गुन्हा.

"हे कुणाचं?"

"माझं नाय. सफाईला आलंय."

"कुणाकडून?"

"नाव नाय सांगणार साहेब. शब्द दिलाय."

दोन तास गेले. दरडावून पाहिलं, चहा देऊन पाहिलं. वरिष्ठांचा फोन आला, 'शस्त्रसाठा' सापडल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. अटक कधी दाखवताय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "उद्यापर्यंत वेळ द्या, सर." फिटरला नोटीस देऊन संध्याकाळी घरी सोडलं. सोडताना धाकधूक होती, हे कबूल करतो. रात्रीत तो गायब झाला असता तर माझी बदली ठरलेली होती.

सकाळी तो हजेरीच्या आधीच ठाण्यातल्या बाकावर येऊन बसला होता. स्टीलच्या डब्यात भाकरी बांधून. आज अटक होणार, असं धरूनच तो आला होता.

मी पाचवं पिस्तूल खिडकीपाशी उजेडात नेलं. मुठीच्या पितळी टोपीच्या खाचेत पिवळं-तांबडं काहीतरी दिसलं. टाचणीने उकरलं तर हळद-कुंकू. ज्या फडक्यात ते आलं होतं त्यावर काळपट डाग होते. आमच्या ठाण्यातली एक महिला शिपाई आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली. तिने फडकं उलटसुलट करून पाहिलं.

"साहेब, हिरड्याचा डाग हाय हा. आमच्याकडं डोंगरात असल्याच फडक्यावर हिरडा वाळत घालत्यात."

दसऱ्याला पुजलं जाणारं पिस्तूल, आणि तेही डोंगरातलं. शेजारच्या ठाण्याला कळवलं आणि त्या पट्ट्यातल्या पोलीस पाटलांना फोन लावले. तिसऱ्याच फोनला आहुपे गावातल्या एका घराचा पत्ता मिळाला.

घरात एक सत्तरीची आजी नाचणी पाखडत होती. मी साध्या कपड्यांत होतो, तरी तिने ओळखलं.

"पोलीस ना? मंग आमचा वीर तुमच्याकडं हाय तर."

तिच्या घरातला कुणी पूर्वज कधीतरी पलटणीत होता, लढाईत गेला. मागे हे पिस्तूलच तेवढं आलं. देव्हाऱ्यात ठेवून त्यालाच घरचे वीर म्हणत. "धुक्यानं लई गंज चढला व्हता. ओझरच्या फिटरभाऊंचं नाव ऐकलं व्हतं म्हणून सफाईला दिलं," ती म्हणाली. मग सूप खाली ठेवलं. "त्यांना धरलंय का?"

ठाण्यात बसवलंय, असं मी म्हणताच ती पदर खोचून जीपमध्ये जाऊन बसली. मला बोलवावंही लागलं नाही.

ठाण्यात शिरताच ती थेट फिटरपुढे उभी राहिली. "भाऊ, माझं नाव का नाय घेतलं?"

"तुमच्या दारात पोलीस येतील म्हणून."

"आले की. माणसंच हायत." मग माझ्याकडे वळली. "माझं लिवून घ्या. कुठं अंगठा करू?"

अटक न दाखवता मी पिस्तुलं तपासणीला पाठवली. प्रयोगशाळेच्या अहवालात पाचव्या पिस्तुलाच्या नळीला आतून तडा गेल्याचं निघालं. दुरुस्त करूनही ती चालणार नव्हती. गैरसमजातून नोंद झाली, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला. तो मंजूर झाला आणि पाचही पिस्तुलं परत करण्याचा आदेश आला.

फोन करणाराही सापडला. फोनवर त्याने नेमकी पाच पिस्तुलं सांगितली होती. पाचवं येऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि त्या आठवड्यात घरात एकच परका आला होता. जुन्या वस्तूंचा एक दलाल. त्याला ते विकत हवं होतं, फिटरने नकार दिला. दलालाला बोलावून समज दिली, त्याहून जास्त काही करता आलं नाही. माहिती खोटी नव्हती, हेतू वाईट होता, आणि हेतूला कलम नाही.

वीर मी स्वतः, फिटरला सोबत घेऊन, आहुप्याला पोचवला. आजीने दारातच त्याला पाणी घातलं, हळद लावली, आणि मलाही कुंकू लावलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये फिटर मागे बसला होता. पिस्तुलाचा गंज कोणत्या तेलाने काढावा, हे तो मला घोडेगाव येईपर्यंत सांगत होता, आणि मी ऐकत होतो.

चौकशीत गप्प बसणाऱ्याला आम्ही 'मुरलेला' म्हणतो. तो काय लपवतोय, एवढंच वर्षानुवर्षं विचारत आलो होतो. त्या प्रकरणानंतर मी विचारायला लागलो, "कुणाला सांभाळतोयस?" कित्येक माणसं या एका प्रश्नाला मान खाली घालून रडली, आणि मग खरं बोलली.