येते म्हणणारी

कळवणच्या टॉकीजमध्ये बायकांच्या खिडकीवर तिकिटं विकायची ती माझी कुसाआत्या. भुताचा सिनेमा लागला की तिला दिवाळी आल्यासारखं व्हायचं. खिडकी बंद केली की मॅटिनीला आत येऊन बसायची आणि पडद्यावरच्या पोरींना हाका मारायची. "अगं, माडीवर नको जाऊ! दार तिकडं हाय!" पोरी ऐकायच्या नाहीत. मग ती शेजारी बसलेल्या आम्हा पोरांवरच चिडायची.

शेवटी कोण वाचणार, हे ती मध्यंतराआधीच सांगायची. दंड फुगवणाऱ्या मर्दांना ती मोजायचीच नाही, ते हमखास मरायचे. पोरींचं मात्र बोलणं ऐकायची. "ही 'मैं जाती हूँ' म्हणून निघाली. गेलीच समजा. ती बघ, 'अभी आती हूँ' म्हणाली. ती वाचणार." घरातून निघताना 'येते' म्हणायचं, 'जाते' नाही, हा आपला साधा रिवाज आत्याने थेट भुतांना लावला होता. अंदाज चुकला की म्हणायची, "सिनेमावाल्याला अक्कल नाय."

अठ्ठ्याण्णव साली मला नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळाला. आईने नन्नाचा पाढा लावला. एकटी पोर, परकं शहर. मी रडून रडून थकले, तेव्हा आत्या आली.

"वहिनी, घोळक्यातले समदे मरत्यात. एकटी पोरच शेवटी उजेडात येती."

"वन्सं, ते सिनेमात!"

"मंग मी काय सिनेमात हाय?"

आत्याचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता. लग्नाच्या वर्षातच एका सकाळी घाईत 'जातो' म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून आत्या एकटीच हसतखेळत जगत होती. आईने माझी बॅग भरायला घेतली.

स्टँडवर आत्या मला सोडायला आली. एसटी सुटली आणि मी खिडकीतून ओरडले, "आत्या, जाते गं!"

झालं! आत्या पदर खोचून धावली आणि गाडीच्या पुढ्यात उभी राहिली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. कंडक्टर खेकसला, "मावशी, मरायचंय का?"

"थांबा हो! भवाने, काय म्हणालीस? नीट बोल!"

मी खिडकीबाहेर वाकले. "येते, आत्या. येते, येते!"

गाडीतले सगळे हसले. मलाही हसू आलं, रडूही आलं. आत्याने डोळे पुसले, बाजूला झाली आणि कंडक्टरला म्हणाली, "न्या मास्तर आता. ही वाचणार."