देवापुढचं घिरट

मुरबाडच्या कमळाकराला जागेपणी स्वप्नं पाहायची खोड होती. वकिलीची परीक्षासुद्धा हा झोपेतच पास झाला असणार, असं त्याची आई भागीरथी म्हणे. अडतीस साली तो मुंबईला फोर्टातल्या एका सॉलिसिटर साहेबांकडे उमेदवारीला लागला. तिथलं काम जगावेगळं. कुणी नवं यंत्र काढलं, की त्याचं वर्णन कायद्याच्या भाषेत बसवायचं आणि पेटंटसाठी कलकत्त्याला अर्ज धाडायचा. माणसाच्या डोक्यातली कल्पनाही शेतासारखी त्याच्या नावावर होते, हे ऐकून स्वारी हरखूनच गेली.

साहेबांची अट एकच होती. "तुझ्या मुलखातला एक अर्ज आण. तो टिकला तर तू इथे कायम. नाही तर मुरबाडच्या कोर्टात बांधाचे दावे चालव."

आणि देव पावावा तसा कमळाकराला टोकावड्याचा विठू सुतार सापडला. भात भरडायच्या नव्या लाकडी घिरटाला त्याने एक खुंटी बसवली होती. ती पिळली की वरची फिरती तळी हवी तेवढी उचलली जाई आणि तांदळाची कणी होत नसे. कणीवरून बायको गिरजा रोज डोकं खाई, त्यातून निघालेली ही युक्ती.

दिवाळीनंतर कमळाकर नकाशे काढायला टोकावड्याला गेला. "अर्ज जाईपर्यंत हे कुणाला दाखवू नका, विठूदादा," त्याने बजावलं. "एकदा चारचौघांत चाललं की कायद्याने ते नवं राहत नाही."

"नाय दाखवत," विठू म्हणाला. माणूस शब्दाचा पक्का.

कमळाकर ओट्यावर बसून रेघा ओढू लागला. समोर सिद्धगड धुक्यात अर्धा बुडालेला, खळ्यावर नव्या भाताचा वास. त्याला कलकत्त्याची मोहर दिसू लागली, तिच्याखाली विठूचं नाव, आणि साहेबांशेजारी स्वतःची खुर्ची. इतकं सुख त्याला आजवर कशानेच झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजा हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी. घरात नवं घिरट आलं की पहिला घास गावदेवाच्या पुढ्यात भरडायचा, गावच्या सवाशिणींनी पाळीपाळीने हात लावायचा, अशी तिथली रीत. घिरट देवळात निघालं आणि कमळाकरही तंद्रीत मागोमाग चालला. पाहुणा म्हणून नारळ त्याच्याच हातात दिला. त्याने तो फोडला. बायका गात होत्या, तांदूळ अखंड पडत होता, लोक वाकवाकून खुंटी बघत होते. कमळाकराचे डोळे भरून आले.

मुंबईत साहेबांनी अर्ज वाचून मान डोलावली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "आजवर हे लोकांपुढे कधी चाललंय?"

कमळाकराला आत्ता कुठे देऊळ आठवलं.

"हो. गावदेवाच्या देवळात. नारळ मीच फोडला."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "टोकावड्याचं देऊळ कलकत्त्याहून दिसत नाही," ते हळूच म्हणाले.

"पण हे नवं आहे म्हणून सही करायची, साहेब. सगळ्या गावाने बघितलंय."

अर्ज गेला नाही. कमळाकर मुरबाडला परतला आणि आधी टोकावड्याला जाऊन सगळं सांगून आला. विठू ऐकता ऐकता खाली बसला.

"तुमी म्हनलात कुणाला दाखवू नका. मी मानसाला नाय दाखवलं. देवाला दाखवलं."

"मी तिथेच होतो, विठूदादा. मला तरी कुठे वेगळं वाटलं?"

आपल्यापायी या पोराची नोकरी गेली, हे विठूला सोसत नव्हतं.

"फुडं काय नवीन केलं, त आधी कोनाकडं यावं? देवाकडं का तुमच्याकडं?"

इतकं शिकूनही कमळाकराला वकिलाचं उत्तर देववेना.

"देवाकडेच जा," तो म्हणाला. "फक्त नारळाला मला बोलावू नका."