रडत दिलेली लेक

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी, चर्चमधली उपासना संपता संपता, भूममध्ये आमच्या शेजारच्या मावशींवर अन्याय झाला. भर सभेत झाला, आणि करणारे सगळे भले लोक होते. म्हणून तर लिहिते आहे.

त्यांची एकुलती एक लेक नर्स. ती ओडिशाच्या डोंगरात मिशनच्या सेवेला निघाली होती. दवाखाना सांभाळायचा, सुवार्ता सांगायची. निरोपाला मावशींनी मलाही नेलं. आमच्या घरी खंडोबा, त्यांच्या घरी येशू. मधली भिंत एकच.

पाळकसाहेब म्हणाले, "भगिनी, साक्ष द्या." मावशी उठल्या. "देवानं लेक मागितली, म्या दिली. पर घरात शिरलं की..." एवढ्यात हुंदका फुटला. चर्चच्या पंचांपैकी एकानं त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. "विश्वासणाऱ्यानं रडू नये. आनंदानं द्यावं." लगेच पेटी वाजली, सगळे गायला लागले. मावशी थोडा वेळ तशाच उभ्या होत्या. मग बसल्या.

ही बाई गप्प बसणारी नव्हे. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, मशीनवर बसून सगळ्यांना सुनावणारी. कुणी आवरायला गेलं की म्हणायच्या, "ब्लाउज शिवती म्या, तोंड न्हाय शिवलेलं."

हंगामाच्या सणाला त्यांचे लोक देवाला ज्वारी, अंडी, कोंबड्या वाहतात आणि तिथंच त्यांचा लिलाव होतो. मावशी दरसाल आपली सगळ्यात चांगली कोंबडी वाहायच्या आणि बोली चढवत चढवत स्वतःच परत आणायच्या. "देवबी खूश, म्याबी खूश."

निरोपानंतर मावशींच्या घरी समोरच्या काकूंनी नेमकं तेच काढलं. "का गं, लेकीचा लिलाव न्हवता व्हय? आणायचीस की सोडवून!"

बायका हसल्या. मावशीही हसल्या. मग मशीन थांबवून म्हणाल्या, "ल्हानपणापासून म्याच तिला प्रार्थनेला बसवलं. आता देव बोलला म्हणती, तर खोटं बोलतीस म्हणू व्हय तिला?"

"मग रडता कशाला?" मी विचारलं.

"कोंबड्या तिच्या हाकेला धावत यायच्या. म्या बोलावलं की नुसत्या बघत्यात. रडू येतंय, रडती. ह्यात देवाचं काय गेलं?"

मी तापले होते. म्हटलं, "मी पत्रक काढते."

"कुणाच्या इरोधात? देवाच्या?"

"माइकवाल्याच्या."

"मग काढ. पर लेक म्या मनापासून दिली, तेबी लिव्ह. गाळू नको."

गाळलेलं नाही.

मावशी आता सोलापूरला भावाकडे राहतात. मशीनही घेऊन गेल्या. परवाच्या रविवारी इथून आणखी एक मुलगा सेवेला निघाला. त्याच पंचानं त्याच्या आईला माइकवरून सांगितलं, "आपल्या त्या भगिनीनं लेक हसत हसत दिली. तसं द्या." ती आई पदर तोंडाशी धरून हसायचा प्रयत्न करत होती. खरं काय ते सांगायला मावशी तिथं नव्हत्या.

म्हणून मी सांगते. हसत दिली हे खोटं आहे. मावशींनी लेक रडत दिली. विश्वास होता म्हणून दिली आणि आई होत्या म्हणून रडल्या. यातलं एक ठेवून दुसरं पुसायचा अधिकार कुणाला नाही, चर्चला नाही आणि आमच्या गल्लीलाही नाही.

पुढच्या निरोपाला तुम्ही बाकावर असाल. बोलता बोलता ती आई रडली, तर गाणं उचलू नका. कुणाचा हात पेटीकडे गेला तर तो धरा. तिला रडत बोलू द्या.