वीराची आत्या

परदेशातल्या आमच्या मराठी चरित्रवाचन गटाची बैठक दर महिन्याला ईस्ट कोस्टला, आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये भरते. बुकिंग, खुर्च्या, चहा, वक्ता हे सगळं माझ्याकडे. त्या महिन्याचा वक्ता माझा नवरा होता. तो जहाजावर इंजिनिअर आहे आणि समुद्रावर असला की युद्धाची पुस्तकं वाचतो. त्याने एक इस्रायली अधिकारी निवडला. तरुणपणी जखमी होऊनही लढलेला. पुढे एका मोहिमेत निःशस्त्र माणसं मारली गेली, त्याची चौकशी झाली. वर्दी उतरवल्यावर तो कडव्या राष्ट्रवादी पक्षाचा नेता झाला.

"चौकशीचं सांगणार ना?" मी विचारलं.

"सांगणार. दोन मिनिटं."

"आणि पदकांचं?"

"त्याला वेळ लागतो. नाहीतर लोक झोपतात गं."

माझी एक मैत्रीण शहराच्या दुसऱ्या भागातून, सेरंगूनहून येते. रेवदंड्याजवळच्या गावातली बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. तिच्या नारळाच्या दुधातल्या हलव्याच्या शेवटच्या वडीवरून आमच्याकडे भांडणं होतात. तिचा थोरला भाऊ फार वर्षांपूर्वी इस्रायलला स्थायिक झाला. त्याचा मुलगा राखीव दलातून लढाईवर गेला होता आणि कित्येक दिवस त्याचा निरोप नव्हता. भावाला विचारावं, तर दोघांचं बोलणं बंद. कारण हाच नेता. भाऊ त्याच्या पक्षाचं काम करतो. तिने त्यावरून फोनवर सुनावलं, त्यानेही सुनावलं, आणि संपलं. ती दूरच्या नातेवाइकांकडून भाच्याची खबर काढत बसली होती.

मी तिला आधीच सांगितलं, या वेळी येऊ नकोस.

"घरी बसून फोनकडेच बघणार ना? तिथे निदान माणसं असतील," ती म्हणाली.

आली, आणि फोन मांडीवर ठेवून मागे बसली. नवरा बोलला छान. चौकशी खरोखरच दोन मिनिटांत उरकली. "आपल्यालाही असाच माणूस हवा," कुणीतरी म्हणालं, टाळ्या पडल्या. मी प्रश्नोत्तरांसाठी उठणार, तोच नवऱ्याने टेबलाखालून शाल आणि नारळ काढला. हे माझ्या कार्यक्रमात नव्हतं. शाल माझ्याच कपाटातली होती.

"आज आपल्यात एका वीराची आत्या बसली आहे. वहिनी, या पुढे."

पुन्हा टाळ्या. सत्काराला नाव घेतलं की आपण उठतोच, तीही उठली. पण तो शाल उलगडून जवळ गेला, तेव्हा तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"भावजी, आपल्याकडे वीरमाता, वीरपत्नी म्हणून शाल बहुतेक कुणाला देतात हो?"

नवऱ्याने शाल खाली घेतली.

"ज्यांचं माणूस परत येत नाही त्यांना. माझा भाचा अजून आहे."

"तसं नाही वहिनी, कौतुक म्हणून..."

"कौतुक त्या साहेबांचं केलंत की. ते दोन मिनिटांचं जरा पुन्हा सांगा. त्यात मेलेल्यांना आत्या नव्हत्या का?"

"चहा तयार आहे," मी मोठ्याने म्हणाले आणि कप भरायला लागले. ती बाहेर गेली.

मी चहा घेऊन गेले, तर ती बार्बेक्यूच्या कट्ट्याशी उभी राहून नंबर लावत होती.

"दादा, मी."

तिने कट्ट्यावर हात टेकला.

"कळलं का काही?"

"नाही गं." त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "तुझ्याकडे काही?" मग तो घाईने म्हणाला, "पण आमचे साहेब सांगतात, सगळे सुखरूप आहेत."

तिने फोन कानापासून दूर धरला. आता कापणार, असं मला वाटलं.

"त्यांचं नाव माझ्यापुढे नको," ती फोन परत कानाला लावत म्हणाली. "वहिनी कुठेय? तू जेवलास का?"

"नाही."

"वाढून घे. मी फोन ठेवत नाही."

दार ढकलून नवरा बाहेर आला. शाल त्याच्या हातात तशीच, अर्धवट उलगडलेली. आमची वेळ संपत आली होती, पुढच्यांना खोली हवी होती. मी तिला चहा दिला आणि त्याला तिथूनच सांगितलं, "खुर्च्या तू आवर. मी इथेच थांबते."