मधल्या दारातले शब्द

माझा मेहुणा लीलंड शाळेची बस चालवतो. त्याला आजोबांनी वाढवलं, म्हणून आमची नाकोडा बोली त्याच्या तोंडात आहे. आम्ही उत्तर अमेरिकेतले आदिवासी, सरकारी कागदावर अ‍ॅसिनिबॉइन, पण बोली नाकोडाच. आता ती नीट बोलणारी बोटांवर मोजण्याइतकीच. त्यांतली एक त्याची सासू, माझी अल्विना मावशी. एका छपराखाली राहूनही ही दोघं कधी एकमेकांशी बोललेली नाहीत. जावयानं सासूकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, तोच तिचा मान. निरोप पोचवायला लीलंडची बायको रोझलिन.

मागच्या वर्षी मेंदूला आलेल्या झटक्यानं मावशीचं इंग्रजी गेलं, नाकोडा तेवढी राहिली.

काल हिमवादळात रोझलिन शहरात अडकली. मी सूप घेऊन गेले, तर मावशी न्हाणीपाशी पडलेली. कशीबशी पलंगावर नेली. जखम दिसेना. लीलंडनं स्वयंपाकघरातून फोन लावला. नर्स म्हणाली, "अ‍ॅम्ब्युलन्सपुढे बर्फ काढणारी गाडी एकच आहे, दुसरीकडूनही बोलावणं आलंय. डोक्याला मार आणि वर रक्त पातळ करायची गोळी, असं असेल तर आधी तुमच्याकडे पाठवते. विचारून सांगा."

विचारणार कोण? नाकोडा बोलल्याबद्दल माझ्या आईला शाळेत मार बसायचा, म्हणून तिनं मला ती शिकवलीच नाही.

"लीलंड, आत जा. मान नंतर पाळ."

"गेलो तर सासूबाई तोंडावर पांघरूण घेतील. मग एक शब्दही मिळायचा नाही." तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "मी म्हणतो तसंच म्हण."

त्याचा प्रश्न तोंडात धरून मी आत गेले, ओंजळीतून पाणी न्यावं तशी. मावशीनं नुसते डोळे मिचमिचवले. तिला कळलं नाही. परत आले.

"नाकातून, मेहुणी. सर्दी झाल्यासारखं," लीलंड म्हणाला. हसत नव्हता.

देवाचं नाव घेऊन पुन्हा गेले. या खेपेला मावशी बोलली, पण जीभ जड झाली होती. ते आवाज जसेच्या तसे मी त्याच्यापुढे आणून ठेवले. त्यानं फोन उचलला. "डोकं आपटलंय. गोळी सकाळी घेतलीय."

गाडी येईपर्यंत मावशीला झोपू द्यायचं नव्हतं. मी खेपा घालत राहिले. काय नेतेय, काय आणतेय, मला ठाऊक नव्हतं. एकदा तिचे डोळे मिटले, तेव्हा त्यानं लांबलचक काहीतरी दिलं. तिनं ते ऐकून डोळे उघडले.

मग दिवे दिसले. स्ट्रेचर बाहेर जाताना लीलंड भिंतीकडेच तोंड करून होता. मावशी माझा हात धरून काही बोलली. मी ते त्याला नेऊन दिलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"भाचीचं बोलणं कर्कश मॅगपाय पक्ष्यासारखं आहे, म्हणे. पण पोचलं."

मग तो खाली बसला, टोपी तोंडावर धरून. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मधली भिंत पातळ प्लायवुडची आहे. तिचा शब्द न् शब्द त्याला आधीच ऐकू येत होता.

आज सकाळी फोन आला. मावशी शुद्धीवर आहे, सूप मागतेय. आणि मॅगपायलाही.