मरळ जिवंत कामथडीला

धरणात आमची भातखाचरं गेली, तवापासनं आमी मासे धरतो. पण मासा धरणं निराळं आन विकणं निराळं. गुंजवणी धरणाच्या काठावर रोज सकाळी एक व्यापारी बर्फाचा टेम्पो घेऊन यायचा. बर्फ त्याचा, नासणारा मासा आमचा. मग तो म्हणेल तो भाव.

एकदा माझं टाळकं सरकलं. मरळ मासा तर धरल्यावरबी जिवंत राहतो, त्याला बर्फ कशाला? आठवडाभर धरलेले मरळ काठाला जाळीत पाण्यातच ठेवले आन रविवारी भाड्याचा टेम्पो सांगितला, कामथडीला हायवेवर विकायला. नवरा म्हणाला, वाटेत मेले तर आठवड्याची मेहनत गेली, वर उद्यापासनं व्यापारी आमचा मासा उचलायचा न्हाई. खोटं नव्हतं त्याचं. तरी म्या जावेला घेतलं आन निघाले.

मासा म्हणजे पाणी, एवढीच आमची अक्कल! ड्रम काठोकाठ भरला, सांडू नये म्हणून झाकण दाबून बसवलं. निम्म्या वाटेत जावेनं सहज झाकण काढलं, तर मरळ वर तोंडं काढायला नुसते धडपडत होते. मरळ वर येऊन हवा घेतो, हे रोज बघतो की आमी! टेम्पो थांबवून निम्मं पाणी रस्त्यावर ओतलं. दोन मेले. बाकीचे हळूहळू शेपट्या हलवायला लागले, तसं मला रडूच फुटलं.

कामथडीला ड्रम उघडा ठेवला. माशांचा फडफडाट बघून गाड्या थांबायला लागल्या. एक जण वाकून म्हणाला, "काय भाव?"

म्या जावेकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. अगं बाई! इतकी वर्षं मासा धरतो, पण आमच्या तोंडानं भाव कधी सांगितलाच नव्हता. व्यापारी द्यायचा त्याच्या दुप्पट सांगून मोकळी झाले आन घासाघिशीसाठी पदर खोचला.

"दोन किलो द्या," तो म्हणाला.

दुपारच्या आत ड्रम रिकामा. आमी दोघी येड्यासारख्या हसत होतो. आन हसता हसताच मला असा संताप आला म्हणून सांगू! दुप्पट सांगूनबी कुणी हूं की चूं केलं न्हाई, म्हंजी इतकी वर्षं व्यापारी आमाला निम्म्यात लुटत होता!

दुसऱ्या दिवशी काठावर आमचा रोहू, कटला बघून व्यापाऱ्यानं नेहमीसारखं तोंड उघडलं.

म्या म्हणलं, "थांबा. आज भाव मी सांगते. पटत नसंल तर बर्फ आणून हेबी कामथडीला नेते."

त्यानं गुपचूप वजनकाटा काढला.