पहिलीला न शिकवलेलं गाणं

कोंबड्याचं ते गाणं मी केलं होतं मोठ्या मुलांसाठी. मी राहते वाशिंदला. एका संस्थेतर्फे शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवरच्या शाळांत संगीत शिकवते. पेटी स्कूटीवर पायाशी ठेवायची आणि आठवड्यातून एकदा एकेका शाळेत जायचं. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला एक शाळा आहे, दोन खोल्यांची. एका खोलीत पहिली-दुसरी, शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी. धाकट्यांना मी टाळ्या आणि ठेक्यावर चालणं एवढंच द्यायची. इतक्या लहान मुलांकडून सूर पक्का होत नाही, असं मला शिकवलं गेलं होतं. चाल, कडवी, सगळं मोठ्यांकडे.

गाणं साधंच होतं.

कोंबडा काही उठत नाही,
सूर्य दारात थांबून राही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेले तेव्हा तिसरी-चौथीची चाचणी चालू होती. म्हणून धाकट्यांच्या खोलीत बसले आणि भाता सैल करत सहज त्या गाण्याची सुरुवात वाजवली. पहिलीतली पोरं गायलाच लागली.

कोंबडा काय उठत नाय,
दिस दारात करतो काय.

मला हसू आलं. माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं ते. माझा सूर्य नुसता थांबला होता, यांचा खोळंबला होता.

फक्त एका जागी सूर उतरत होता. 'उठत'वर माझ्या चालीत गंधार आहे, सारेगमतला 'ग'. पेटीवर गंधार दोन, एक चढा आणि एक उतरलेला. मुलं त्या दोघांच्या मधे कुठेतरी जाऊन थांबत होती. मी चढा गंधार दाबून धरला, त्यांना ऐकवला. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा तिथेच गेली. मग एकेकाला म्हणायला लावलं. दात पडलेली एक मुलगी, तिच्या शेजारचा नाक ओढणारा मुलगा, मग भिंतीला टेकून बसलेली दोघं. प्रत्येक जण बरोबर त्याच जागी येऊन थांबला. बेसूर मुलं मी पुष्कळ ऐकली आहेत. प्रत्येक मूल आपापल्या वाटेनं बेसूर होतं. सगळी एकाच ठिकाणी पोचतात तेव्हा ते बेसूर नसतं. मी पेटीवरचा हात काढून घेतला.

चाचणी संपल्यावर चौथीतली एक मुलगी धाकट्या भावाला बघायला आली. तिला विचारलं, यांना हे कोणी शिकवलं. ती म्हणाली, सुट्टीत भात झोडायला सगळे खळ्यावर होते, तिथे ती गात होती. तिच्या आत्यानं उचललं, मग बाकीच्या बायकांनी. झोडताना त्यांच्या चालीत बसलं. धाकटी पोरं तिथेच पेंढ्यात खेळत होती, त्यांनी ते ऐकलं.

"पण तू तर वर्गात माझ्यासारखं म्हणतेस," मी म्हटलं.

"शाळंत तुमचा बोलतो," ती म्हणाली, "खळ्यावर आमचा."

तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मी मात्र चारही वर्गांना ओसरीवर बोलावलं, पेटी बंद करून बाजूला ठेवली आणि सांगितलं, खळ्यावरचं म्हणा. मोठी मुलं आधी एकमेकांकडे बघून लाजली. मग चौथीनं सुरुवात केली आणि पहिलीपर्यंत सगळे त्यात आले. तो गंधार पन्नासेक गळ्यांतून एकदम निघाला. गुरुजी हातात खडू घेऊन दारात उभे राहिले. तेही याच भागातले. म्हणाले, आमच्याकडे लग्नात असंच गातात.

लोकगीताचा कर्ता माहीत नसतो, हे मी परीक्षेत लिहून आले होते. ते फार जुन्या काळी, फार लांब कुठेतरी घडतं अशी माझी समजूत होती. इथे ते माझ्या एका तासापासून पुढच्या तासापर्यंत, दिवाळीच्या सुट्टीत घडलं होतं.

जूनमध्ये नवी पहिली आली. त्यातला एक मुलगा दप्तर पोटाशी धरून तेच गाणं गुणगुणत बसला होता. मी जवळ जाऊन विचारलं, हे कोणी केलं रे?

"कोणी नाय," तो म्हणाला. "पयल्यापासून हाय."

गाणं बाईंचं आहे, असं गुरुजी त्याला सांगायला निघाले होते, मी हातानं थांबवलं. त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, मला शिकव. तो एक ओळ म्हणायचा, मग मी. 'उठत'पाशी आल्यावर त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली आणि ती जागा पुन्हा म्हणून दाखवली, माझ्यासाठी जरा सावकाश.